फेसाचे कूळ

आमच्या वडिलांचे बेळगावात तेल व साबण यांचे दुकान होते. गल्लीतील वृद्ध स्त्रिया दुकानाच्या पायरीशी उभ्या राहून साबणाची वडी हाती घेत, ती नाकाशी नेत आणि विचारीत, “अण्णा, ह्यात चरबी न्हाई ना?” वडील उत्तर देत, “आक्का, तेल माझं, कढई माझी. डोळ्यांदेखत शिजलाय साबण.” ह्या उत्तरापुढे आणखी दाखला मागण्याची कोणास गरज भासत नसे, कारण दुकानामागील पडवीत करंजाचे, मोहाचे व खोबऱ्याचे तेल कॉस्टिकच्या पाण्याबरोबर शिजत असलेले येता-जाता साऱ्यांनीच पाहिलेले असे.

तोच प्रश्न २०२२ साली मजपुढे पुन्हा आला, तेव्हा मात्र मला उत्तर देता आले नाही.

उद्यमबाग येथील आमच्या लहानशा कारखान्यात भांडी घासण्याचे द्रव, हात धुण्याचे द्रव व शांपू तयार होतात. एका तीर्थक्षेत्राच्या भोजनशाळेने आमच्याकडे मागणी नोंदविली व मालात कोणताही प्राणिजन्य अंश नाही असे लेखी आश्वासन मागितले. चरबी तर आम्ही कारखान्याच्या दारातही येऊ देत नाही, ह्या समजुतीने मी ते निःशंकपणे लिहून दिले. चाळीस कॅन रवाना झाले. काही दिवसांनी व्यवस्थापकांचे पत्र आले. हात धुण्याच्या द्रवास जी मोत्यासारखी झळाळी आहे ती कोणत्या पदार्थामुळे येते, एवढेच त्यांनी विचारले होते. ती झळाळी एथिलीन ग्लायकॉल डायस्टिअरेट ह्या मेणासारख्या पदार्थाची. आणि तो पदार्थ होतो स्टिअरिक आम्लापासून. आम्ही पुरवठादारास पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: उगम, वनस्पतिजन्य अथवा प्राणिजन्य. माल त्वरित परत मागविला, परंतु चाळीसांपैकी अठरा कॅन तोवर रिकामे झाले होते.

ह्या प्रसंगानंतर मी आपल्या मालातील प्रत्येक द्रव्याचे कूळ शोधण्यास बसलो. त्यातून जे हाती आले ते ह्याच धंद्यातील बंधूंच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे मांडतो आहे.

पाणी आणि तेल यांचे जमत नाही, हे स्वयंपाकघरातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ह्या दोहोंत मध्यस्थी करणारा जो रेणू असतो त्याचे एक टोक पाण्याशी व दुसरे तेलाशी सलगी करणारे असते. तेलकट मळाभोवती हे रेणू आपली तेलप्रिय शेपटी रोवून गोळा होतात, जलप्रिय डोके बाहेर ठेवतात आणि मळाचा कण उचलून पाण्याच्या स्वाधीन करतात. शास्त्रज्ञ ह्या वर्गास पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात, कारण ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. साबण हा ह्या वर्गातील सर्वांत वडीलधारा. परंतु त्याच्याही आधीपासून आपल्याकडे रिठा व शिकेकाई आहेत. रिठ्याच्या सालीत व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते; त्याचे एक अंग साखरेचे व दुसरे तेलाशी नाते सांगणारे. सोनार दागिने उजळण्यासाठी आजही रिठ्याचे पाणी वापरतात, आणि रेशमी व लोकरीचे वस्त्र रिठ्यात धुणारी घरे बेळगावात अद्याप आहेत. मात्र एक गोष्ट येथेच नमूद करणे इष्ट होईल. हेच सॅपोनिन पाण्यात मिसळल्यास माशांच्या कल्ल्यांस बाधते व मासे मरतात; कित्येक प्रदेशांत मासे पकडण्यासाठी अशा वनस्पती ओढ्यात ठेचून टाकण्याची रीत आहे. तेव्हा झाडाचे आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असा सरसकट निर्णय करता येत नाही.

पाश्चात्य पद्धतीचा साबण १८८८ साली ‘सनलाइट’च्या रूपाने कलकत्त्याच्या बंदरात उतरला. त्या देशांत अंगाच्या साबणासाठी चार भाग चरबी व एक भाग खोबरेल असे मिश्रण रूढ होते. चरबीमुळे वडी कठीण होते व पाण्यात लवकर विरघळत नाही. खोबरेलामुळे भरपूर फेस येतो. आपल्या देशातील ग्राहकास चरबी मान्य नव्हती, आणि स्वदेशी साबणाच्या कारखानदारीचा पाया ह्याच नापसंतीवर पडला असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बंगलोरास सरकारी साबण कारखाना काढला. टाटांनी १९१७ साली खोबरेल तेलाची गिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापून कोचीनजवळ बस्तान बसविले. मुंबईस अर्देशीर गोदरेज यांनी त्याच सुमारास केवळ वनस्पती तेलांपासून साबण तयार केला व त्याची तशी जाहिरातही केली. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात अखाद्य तेल व साबण हा एक स्वतंत्र उद्योगच मानला गेला. आमच्या पडवीतील कढई त्याच वंशातली.

चरबीचे नाव पुन्हा देशभर गाजले ते १९८३ साली. परदेशातून आणलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याचे उघडकीस आले, संसदेत गदारोळ झाला व सरकारने चरबीची आयात बंद केली. त्या वर्षी आमच्या घरी वनस्पती तुपाचा डबा आला नाही तो आजतागायत नाही. अशा आठवणी घरोघर असतील.

दरम्यान साबणाचे राज्यच डळमळू लागले होते. त्याचे कारण पाणी. विहिरीच्या दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाला धरून बसतात, साका होतो, फेस येत नाही आणि कपड्यावर करडी पुटे चढतात. खनिज तेलापासून निघालेल्या कृत्रिम प्रक्षालकांना हा त्रास होत नाही. आपल्याकडे ‘सर्फ’ १९५९ साली आले व १९६९ साली अहमदाबादेत श्री. करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ची सुरुवात केली, पुढचा इतिहास वाचकांच्या न्हाणीघरातच घडला आहे. ह्या चुकटींचा कणा अल्किल बेंझीन सल्फोनेट नावाच्या द्रव्याचा. त्याच्या पहिल्या पिढीतील रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती, आणि पाण्यातील जीवाणूंना ती पचत नसे. परिणामी १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली ह्याविरुद्ध कायदा केला, आणि १९६५ पर्यंत अमेरिकन कारखानदारांनी सरळ शेपटीचा रेणू स्वीकारला. सरळ शेपटी जीवाणू टोकापासून कुरतडीत नेतात. निसर्गातील तेलांच्या साखळ्या सरळच असतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेलाची साखळी वनस्पतीची आहे, प्राण्याची आहे, की खनिज तेलाची आहे, हे व्यापाऱ्याने ओळखावे कसे? पिंपावरील नावावरून ते कळत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव घ्या. ह्यातील बारा कार्बनांची साखळी खोबरेलाची असू शकते, पाम फळाच्या गरापासून नव्हे तर आतील बीपासून निघणाऱ्या तेलाची असू शकते, आणि एथिलीन वायूपासून कारखान्यात जोडलेलीही असू शकते. तिन्हींचा रेणू एकच, दर्शनी मालही एकच.

तथापि एक ठोकताळा मला फार उपयोगी पडला. खोबरेलात व पामबीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते, म्हणजे बारा कार्बनांची साखळी. गुरांच्या चरबीत ते शेकडा एकाहूनही कमी. म्हणून ज्या द्रव्याच्या नावात ‘लॉरिल’ अथवा ‘कोको’ आहे ते चरबीचे असण्याचा संभव जवळजवळ नाही. तेथे शंका घ्यावयाची ती खनिज तेलाची. उलट ज्याच्या नावात ‘स्टिअरिक’, ‘स्टिअरेट’, ‘सिटिल’, ‘ओलिक’ असे शब्द येतात तेथे सोळा व अठरा कार्बनांच्या साखळ्या असतात, आणि त्या पामतेलातही विपुल व चरबीतही विपुल. ग्लिसरीनचीही तीच गत, कारण ते प्रत्येक तेलातून व प्रत्येक चरबीतून निघते. माझी चूक नेमकी येथेच झाली होती. फेसाची द्रव्ये मी पारखून घेतली आणि झळाळीचे द्रव्य, जे हजारात पाचदहा भागही पडत नाही, ते न विचारता घेतले.

प्रयोगशाळेची मदत होते, परंतु तिला मर्यादा आहेत. जिवंत वनस्पती हवेतून कार्बन घेते व त्यात कार्बन-१४ ह्या किरणोत्सारी प्रकाराचा अत्यल्प अंश असतो. खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असल्यामुळे त्यातील हा अंश केव्हाच संपलेला आहे. तेव्हा कार्बन-१४ मोजल्यास मालातील किती कार्बन शेतातून आला व किती भूगर्भातून आला, हे टक्क्यांत सांगता येते. परंतु गाय गवत खाते! चरबीतील कार्बनही ताजाच. ‘पुनर्निर्मितिक्षम’ हा शब्द चरबीलाही पूर्णपणे लागू पडतो, आणि परदेशी पत्रकांतून तो तसा लावला जातोही. आपल्या ग्राहकाचा प्रश्न वेगळा आहे, हे त्या शब्दाच्या भरात विसरता कामा नये. चरबी ओळखण्यासाठी वायुवर्णलेखनाने वसाम्लांचे प्रमाण तपासतात. गुरांच्या चरबीत पंधरा व सतरा कार्बनांच्या विषम साखळ्या थोड्या प्रमाणात सापडतात, पामतेलात त्या नाममात्र असतात. मात्र मिश्रण थोडे असल्यास हाही पुरावा पुसट होतो. शेवटी खरेदीच्या कागदावर उगम लिहून घेणे व तो पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत नेणे, ह्यावाचून गत्यंतर नाही.

शांपूत सर्वाधिक वापरले जाणारे सोडियम लॉरेथ सल्फेट हे तर अर्धे शेतातले व अर्धे विहिरीतले. पाण्याच्या नव्हे, तेलाच्या. त्याची शेपटी बहुधा पामबीची, परंतु मध्ये जो एथिलीन ऑक्साइडचा सांधा असतो तो बहुतांशी खनिज तेलाचा. उत्तराखंडातील काशीपूर येथे मात्र उसाच्या मळीपासून निघालेल्या मद्यार्कातून एथिलीन ऑक्साइड व ग्लायकॉल तयार करणारा कारखाना आहे. आमच्या सीमाभागात उसाला व मळीला तोटा नाही; त्या मळीतून शांपूही निघू शकतो हे आमच्या साखरसम्राटांच्या कानी घालण्याजोगे आहे.

ह्या साऱ्या शोधात मला सर्वांत आवडलेले द्रव्य म्हणजे अल्किल पॉलिग्लुकोसाइड. नाव अवघड असले तरी वस्तू सोपी आहे. शेपटी खोबरेलाची, डोके साखरेचे. रिठ्याने जे झाडावर केले तेच येथे मनुष्याने कढईत केले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९३ साली साखर व अल्कोहॉल यांचा आम्लाच्या सान्निध्यात संयोग घडवून आणण्याची रीत दाखविली. परंतु तिचा मोठा कारखाना व्हावयास शंभर वर्षे लागली. जर्मनीतील हेंकेल कंपनीने १९९२ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथे व १९९५ साली स्वदेशी ड्युसेलडॉर्फ येथे हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला.

त्याची कृती सांगतो. खोबरेल अथवा पामबीच्या तेलातील वसाम्लांवर हायड्रोजनची क्रिया करून वसा-अल्कोहॉल मिळवितात. मक्याच्या स्टार्चपासून निर्जल ग्लुकोज घेतात. ही दोन्ही एका पात्रात घालून, अल्कोहॉल गरजेपेक्षा कित्येक पट अधिक ठेवून, किंचित आम्ल टाकतात व शंभर ते एकशेवीस अंश सेल्सियसच्या दरम्यान तापवितात. क्रिया होताना पाणी सुटते, आणि ते निर्वात पंपाने सतत काढून घ्यावे लागते. पाणी राहिले तर क्रिया मागे फिरते, आणि तापमान चढले तर साखर करपते. जिलबीचा पाक बिघडलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावयास वेळ लागणार नाही. साखर संपली की अल्कली घालून आम्ल मारतात, उरलेले अल्कोहॉल तीव्र निर्वातात उडवून पुन्हा वापरण्यासाठी काढून घेतात, राहिलेला मधासारखा चिकट गोळा पाण्यात निम्म्यास निम्मा विरघळवितात व हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचा तपकिरी रंग उतरवितात. अल्कोहॉल उडविण्याची पायरी सर्वांत खर्चाची. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री आपल्यासारख्या लहान कारखानदाराच्या आवाक्यातली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपण विकत घ्यावयाचे ते तयार द्रव्य. परंतु त्याचा कच्चा माल आपल्या दाराशी आहे. गोकाकजवळ मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे, आणि नारळ गोव्यात व कोकणात आहे.

हे द्रव्य त्वचेस सौम्य आहे, दुष्फेन पाण्यात फेस देते व जीवाणूंना सहज पचते. मात्र त्याचे स्वभावही सांभाळावे लागतात. लांब साखळीचा प्रकार बेळगावच्या थंडीत पिंपातच लोण्यासारखा थिजतो. पिंप गरम पाण्यात ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही. द्रव तीव्र अल्कलीयुक्त येते, म्हणून मिश्रण झाल्यावर सायट्रिक आम्लाने त्याची तीव्रता उतरवावी लागते. ही पायरी विसरल्यास भांडी घासणाऱ्या बाईंचे हात सोलून निघतील. सर्वांत मोठी फजिती दाटपणाची. नेहमीचे द्रव मिठाने घट्ट होते, हे आपल्या धंद्यातील पोरासही ठाऊक आहे. मी पहिल्या घाण्यास सवयीने मीठ घातले, मग आणखी घातले, मग रागाने घातले. द्रव पाण्यासारखे पातळ ते पातळच. ह्या रेणूवर विद्युत्भार नसल्यामुळे मीठ त्यास फारसे वळवू शकत नाही, हे मला नंतर समजले. अखेर गवारीच्या बियांच्या डिंकाने काम झाले. तो राजस्थानातून येतो व सर्वस्वी वनस्पतिजन्य आहे.

आता किंमत. साखरेच्या डोक्याचे हे द्रव्य नेहमीच्या द्रव्यापेक्षा बरेच महाग पडते, आणि केवळ त्याच्यावर भांडी घासण्याचे द्रव केल्यास गिऱ्हाईक दोन वेळा भाव विचारून निघून जाते. म्हणून आम्ही ते मुख्य द्रव्याबरोबर अंशतः मिसळतो व तसे लेबलावर लिहितो.

वनस्पतिजन्य म्हणून सारेच पवित्र, असाही भाग नाही. भारतात निघणारे खोबरेल बहुतांशी खाण्यास व केसांस जाते. प्रक्षालकांच्या धंद्यास लागणारी बारा कार्बनांची साखळी मुख्यतः परदेशी पामबीच्या तेलाची असते. जगातील पामतेलापैकी शेकडा ऐंशीहून अधिक इंडोनेशिया व मलेशिया यांत निघते, आणि तेथील लागवडीसाठी सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील अरण्ये मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. त्या अरण्यांतील ओरांगउटान व इतर असंख्य जीवांचे काय झाले, हा प्रश्न चरबीच्या प्रश्नाहून लहान आहे असे मला वाटत नाही. २००४ साली स्थापन झालेली आरएसपीओ ही संस्था जबाबदारीने पिकविलेल्या पामतेलास प्रमाणपत्र देते. त्यावरही टीका होते, परंतु आज बाजारात मागता येण्याजोगा दाखला तोच आहे व तो मागावा.

यीस्ट व जीवाणू यांच्याकडून साखर-तेल खाऊ घालून फेसाची द्रव्ये मिळविण्याचा मार्गही आता खुला झाला आहे. ऱ्हॅम्नोलिपिड नावाच्या अशा द्रव्याचे मोठे उत्पादन स्लोवाकियात २०२४ साली सुरू झाले. तेथे पाम लागत नाही, चरबी लागत नाही. परंतु किण्वनाच्या हौदात अगणित सूक्ष्म जीव जन्मतात व मरतात. ते आपल्याला चालावे की नाही, ह्याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. आईच्या मते दह्याचा विचार आधी करावा; माझ्या चिरंजीवांच्या मते पामचे झाड पाडण्यापेक्षा हे बरे. मी अद्याप कोणत्याही बाजूस गेलेलो नाही.

भोजनशाळेच्या व्यवस्थापकांची मी प्रत्यक्ष जाऊन भेट घेतली. अठरा कॅनांची गोष्ट त्यांस सांगितली व रक्कम परत देऊ केली. त्यांनी रक्कम घेतली. राग व्यक्त केला नाही, हे मला अधिक लागले. नमुना पुन्हा पाठवावयाचा असल्यास प्रथम सर्व घटकांची यादी उगमासह पाठवा, एवढेच ते म्हणाले.

यादी अकरा ओळींची झाली. मोतिया झळाळी आम्ही काढून टाकली. द्रव आता पारदर्शक आहे व काही गिऱ्हाइकांस ते पातळ वाटते. फेसाच्या द्रव्यांपुढे, डिंकापुढे, सायट्रिक आम्लापुढे, रंगापुढे उगम लिहून झाला व प्रत्येकाचा कागद जोडला. ग्लिसरीनच्या पुरवठादारास तीन पत्रे लिहावी लागली, तेव्हा त्याने पामतेल असे लिहून दिले. अकराव्या ओळीवर सुगंध आहे. त्यात कोणकोणती द्रव्ये आहेत हे धंद्याचे गुपित असल्याचे अत्तराच्या व्यापाऱ्याने कळविले. त्यास मी उत्तर लिहिले आहे की नावे नकोत, उगम तेवढा सांगा. त्याचे पत्र आलेले नाही. यादी मेजावरच आहे.